पान टिकलं, दुरुस्ती गेली

मंडळी, आज जरा चिडून लिहितेय. कारण घरगुती आहे, पण प्रश्न जालावर लिहिणाऱ्या सगळ्यांचाच आहे, म्हणून इथे मांडते. नातेवाइकांपैकी जे हे वाचतात त्यांना पुढचा किस्सा माहीत आहे. त्यांनी तो गाळून पुढे गेलं तरी चालेल, पण शेवट मात्र वाचा. शेवटी त्यांच्यासाठी काम आहे.

बाबांनी निवृत्तीनंतर, २००५ साली, आमच्या घराण्याची माहिती एका फुकट संकेतस्थळावर चढवायला सुरुवात केली. दोन बोटांनी टंकत, रोज अर्धं पान. त्यात नानाआजोबांबद्दल एक ओळ होती. नानाआजोबा म्हणजे बाबांचे काका. त्यांनी कोकणातलं घर भावांना न विचारता विकलं आणि पैसे घेऊन ते मुंबईला गेले, अशी. लहानपणापासून घरात हेच ऐकलेलं, बाबांनी ते तसंच लिहिलं. २००८ मध्ये एका ट्रंकेत कागद सापडले. गहाणखत आणि कर्जफेडीच्या पावत्या. घर पणजोबांनीच गहाण टाकलेलं होतं, आणि नानाआजोबांनी ते विकून सावकाराचं देणं फेडलं होतं. स्वतःकडे काहीच ठेवलं नव्हतं. बाबांनी त्याच आठवड्यात ती ओळ काढली, तिथे मोठा परिच्छेद लिहिला, खाली माफी मागितली आणि नानाआजोबांच्या मुलीला, आमच्या सुमाआत्याला, फोनवर सगळं वाचून दाखवलं.

पुढे ती फुकट सेवा बंद झाली. सूचना आली असेल बाबांच्या जुन्या ईमेलवर, जो ते उघडतच नव्हते. पानं गेली. नंतर बाबाही गेले. पण एका चुलतभावाने २००६ मध्ये सगळी पानं उतरवून सीडीवर घेतली होती. आम्ही केवढे खूश झालो होतो! त्याची पीडीएफ झाली आणि ती घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली. गेल्या गणपतीत एका पोराने सगळ्यांसमोर मोबाइलवरून ती कौतुकाने वाचून दाखवली. सुमाआत्या समोरच बसली होती. ती ओळ आली. आत्या कुणावर रागावली नाही. मला जवळ बोलावून एवढंच म्हणाली, "दादानं बदललं होतं ना ग ते?"

बदललं होतं. पण जे टिकलं ते चुकीचं, आणि जे गेलं ते बरोबर.

तर मुद्दा. "जालावरचं पान टिकवायचं कसं" यावर गेली वीस-पंचवीस वर्षं फार हुशार मंडळी बोलत आहेत, आणि त्यातले बहुतेकजण अर्ध्याच प्रश्नाचं उत्तर देतात. प्रत कशी टिकेल, हा अर्धा. त्या प्रतीला तिच्या लेखकाने केलेली दुरुस्ती कशी गाठेल, हा उरलेला अर्धा. माझं म्हणणं असं की दुसऱ्या अर्ध्याशिवाय पहिला नुसता अपुरा नाही, घातक आहे. दुरुस्ती न पोचणाऱ्या टिकाऊ प्रतीला आपल्याकडे जुना शब्द आहे : अफवा.

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, सोपं आहे.

नेहमीचं संकेतस्थळ एका सर्व्हरवर असतं. त्याचा पत्ता म्हणजे जागेचा पत्ता. जागा दुसऱ्याची, आपण भाडेकरू (बहुतेक वेळा फुकटातले). मालकाने दुकान बंद केलं की पान गेलं. याच्या उलट पीअर-टू-पीअर जाळी. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये आणलेलं बिटटोरंट त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. तिथे फाइलचे तुकडे करतात, आणि ज्याने जो तुकडा उतरवून घेतला तो तोच तुकडा पुढच्याला देतो. सर्व्हरवर गर्दी झाली की सर्व्हर बसतो, इथे गर्दी झाली की वेग वाढतो. मध्ये मालक नाही, त्यामुळे दुकान बंद व्हायची भीतीही नाही.

पण इथे पत्ता जागेचा नसतो, मजकुराचा असतो. फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने एक लांबलचक आकडा काढतात, त्याला हॅश म्हणतात, आणि तोच पत्ता. मजकुरातला एक अनुस्वार बदलला तरी आकडा पूर्ण बदलतो. म्हणून अनोळखी माणसाकडून आलेली फाइलही तपासून घेता येते. आकडा जुळला तर मजकूर अस्सल. ही फार मोठी सोय आहे, आणि हीच गोची आहे. भेसळ करणारा आणि दुरुस्ती करणारा, दोघे त्या गणिताला सारखेच. बाबांनी एक ओळ सुधारली की तो नवा मजकूर, नवा पत्ता, आणि जुन्या पत्त्यावर जुनीच ओळ. ज्यांच्याकडे जुना दुवा आहे त्यांना नवीन काही आलंय हे कळायला मार्गच नाही. सिनेमाला किंवा लिनक्सच्या सीडीला हे चालतं, कारण त्या एकदाच तयार होतात. पान हे चालू काम असतं.

याची दोन मोठी उदाहरणं. जिओसिटीज हे १९९० च्या दशकातलं घरगुती पानांचं सगळ्यात मोठं गाव. याहूने ते ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केलं. आर्काइव्ह टीम नावाच्या हौशी स्वयंसेवकांनी बंद व्हायच्या आधी मिळेल तेवढं उतरवून घेतलं आणि वर्षभराने सहाशे जीबीहून मोठं टोरंट करून सगळ्यांना दिलं. त्यांना माझा साष्टांग नमस्कार. पण त्या टोरंटातली पानं काचेच्या कपाटातली आहेत. ज्याने ती लिहिली तो आज जिवंत असला तरी त्यातला स्वल्पविरामसुद्धा बदलू शकत नाही. दुसरं उदाहरण तुर्कस्तानचं. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या सरकारने विकिपीडिया अडवला, तेव्हा आयपीएफएस या जाळ्यावर तुर्की विकिपीडियाची प्रत ठेवण्यात आली. फार गाजावाजा झाला : बघा, सरकारला आता हे अडवता येणार नाही! खरंच होतं. पण ती एका विशिष्ट दिवसाची प्रत होती. विकिपीडियाचा जीव कशात आहे? कोपऱ्यातल्या "संपादन"च्या बटणात. ते बटण सोडून बाकी सगळं वाचवलं. बंदी उठली ती जानेवारी २०२० मध्ये, घटनापीठाच्या निकालानंतर. तोवर पावणेतीन वर्षं गेली होती.

आता कुणी म्हणेल, बाई, हे तंत्रज्ञानाचं वैगुण्य आहे, माणसांवर का चिडताय? चिडतेय, कारण हे वैगुण्य कधीच दूर झालेलं आहे. एकदा नाही, चार-पाच वेळा.

उपाय आपल्या ओळखीचा आहे : शिक्कामोर्तब. जुन्या पत्रव्यवहारात पत्र कोणत्या जासुदाने आणलं यावर त्याचा खरेपणा ठरत नसे, मुद्रा कुणाची यावर ठरे. इथेही तेच. लेखकाकडे दोन किल्ल्या. एक गुप्त, जिने तो मजकुरावर मुद्रा उमटवतो. दुसरी उघड, जिने कुणीही ती मुद्रा तपासू शकतो. पानाचा पत्ता मजकुरावरून काढायचा नाही, या उघड किल्लीवरून काढायचा. मजकूर कितीही बदलो, किल्ली तीच, म्हणून पत्ता तोच. प्रत्येक आवृत्तीला क्रमांक. दोन प्रती समोर आल्या आणि दोन्हींवर मुद्रा खरी असली, तर ज्याचा क्रमांक मोठा ती खरी. झालं. परवानगी देणारा मालक मध्ये नाही, तरी दुरुस्तीचा अधिकार फक्त लेखकाचा.

हे नवं आहे का? इयन क्लार्कने एडिंबरा विद्यापीठात विद्यार्थी असताना, १९९९ मध्ये, ज्याचा आराखडा मांडला ते फ्रीनेट २००० मध्ये आलं. त्यात पुढे अशा मुद्रांकित किल्ल्या आल्या, आणि आपणहून नवी आवृत्ती शोधणारा पत्त्याचा प्रकारही आला. (ती जुनी प्रणाली २०२३ पासून हायफानेट या नावाने चालू आहे.) २०१५ मध्ये हंगेरीतून झिरोनेट आलं. तिथे बिटकॉइनच्या धर्तीची किल्ली हाच संकेतस्थळाचा पत्ता होता, आणि वाचणारा प्रत्येकजण ते पान पुढे वाटत होता. आयपीएफएसमध्ये आयपीएनएस नावाची सोय आहे, तीही हेच करते. खुद्द बिटटोरंटात २०१४ मध्ये प्रस्ताव क्रमांक ४४ आला : जाळ्यावर मुद्रा आणि क्रमांकासह छोटी नोंद ठेवा. नोंद हजार बाइटांपेक्षा मोठी नको. देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात, म्हणजे जेमतेम सव्वातीनशे अक्षरं. अख्खं पान त्यात मावत नाही, पण "माझ्या पानाची सध्याची आवृत्ती अमुक टोरंटात आहे" एवढा निरोप सहज मावतो. २०१६ च्या प्रस्ताव क्रमांक ४६ ने नेमकं तेच सुचवलं.

आणि ४४ मधली एक गोष्ट मला फार आवडते. ती नोंद जाळ्यावर आपोआप टिकत नाही. दोनेक तासांत ती विसरली जाऊ शकते, म्हणून पुन्हा पुन्हा सांगत राहावी लागते. पण पुन्हा सांगायला गुप्त किल्ली लागत नाही! मुद्रा आधीच उमटलेली असते. ज्याच्याजवळ नोंदीची प्रत आहे तो कुणीही ती जशीच्या तशी पुन्हा जाळ्यावर ठेवू शकतो. म्हणजे लेखक गेला तरी त्याचा शेवटचा शब्द त्याचे वाचक फिरवत ठेवू शकतात. जुना शब्द नव्हे हं, शेवटचा. बाबांच्या बाबतीत तेवढंच तर हवं होतं.

मग अडलं कुठे?

पहिला दोष बनवणाऱ्यांचा. यातल्या बहुतेकांनी वाचकाला आधी वेगळी प्रणाली बसवायला लावली. बिटटोरंट कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये प्रोजेक्ट मेलस्ट्रॉम नावाचा ब्राउझर जाहीर केला, जो टोरंटातून पानं दाखवणार होता. २०१५ मध्ये चाचणी आवृत्ती आली आणि पुढे त्यातून काही उभं राहिलं नाही. बीकर ब्राउझर फार देखणा होता, स्वतःचं पान बनवून तिथूनच वाटता येत होतं. त्याचं काम २०२२ च्या अखेरीस अधिकृतपणे थांबलं. झिरोनेटच्या मूळ निर्मात्याचंही थांबलं. प्रस्ताव ४६ तर रोजच्या वापरातल्या बहुतेक टोरंट प्रणालींनी मनावरच घेतला नाही. दरम्यान जग मोबाइलवर गेलं. मोबाइल खिशात झोपतो, बॅटरी वाचवतो. शिवाय एकाच बाहेरच्या पत्त्यामागे कंपनी हजारो ग्राहक कोंबते, त्यामुळे बाहेरून कुणी आपल्या फोनला हाक मारू शकत नाही. असे घेणारे कोट्यवधी झाले आणि देणारे मूठभर राहिले.

यावर "देणारे का देत नाहीत?" असा प्रश्न पडायला हवा होता. त्याऐवजी प्रश्न पडला, "देणाऱ्यांना काय द्यावं?" आणि आली नाणी. बिटटोरंट कंपनी २०१८ मध्ये ट्रॉनकडे गेली, २०१९ मध्ये तिचं टोकन निघालं. फाइलकॉइनचं जाळं २०२० मध्ये सुरू झालं. एकदा पैसे भरा आणि मजकूर कायमचा राहील, असं सांगणारं आर्वीव्ह २०१८ पासून आहे. माझा आक्षेप पैशाला नाही. डिस्कला पैसे पडतात, विजेला पडतात. आक्षेप "कायमचं" या शब्दाला आहे. जिथे तिथे हाच शब्द : कायमचं, अमर, न पुसता येणारं. अहो, माझ्या घरात जे झालं ते पुसता न आल्यामुळेच झालं! आत्याला अमर ओळ नको होती. आधी चुकीचं लिहिणाऱ्यानेच नंतर "मी चुकलो" म्हटलेलं तिला हवं होतं. ताम्रपटाला मी नावं ठेवत नाही, पण घराण्याचा इतिहास ताम्रपटावर लिहायचा नसतो. आपल्याकडे छापील कुलवृत्तांतांनाही पुरवणी निघते, शुद्धिपत्र जोडतात. त्या लोकांना कळत होतं की माणसांबद्दल लिहिलं म्हणजे चुकणार.

दुसरा दोष आपला, आणि खरी चीड इथे आहे.

आठवतंय, जुलै २००६? मुंबईत लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि त्यानंतर काही मोजकी पानं अडवण्याचा सरकारी आदेश निघाला. इंटरनेट पुरवणाऱ्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉट आणि जिओसिटीज अडवलं. आपल्या अनुदिन्या आपल्यालाच दिसेनात. मग पाकिस्तानातल्या बंदीसाठी तयार झालेली पीकेब्लॉग्ज नावाची पळवाट आपल्याकडची मंडळी वापरू लागली. गंमत म्हणून आपण अजून सांगतो. तेव्हा आपण किती तावातावाने लिहिलं होतं! आठवड्याभरात बंदी उठली आणि आपण ते विसरलो. याहू ३६० गेलं २००९ मध्ये, ऑर्कुट २०१४ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये. दर वेळी आपण श्रद्धांजलीचा लेख लिहिला आणि पुढच्या फुकट धर्मशाळेत पथारी पसरली. आणि आपल्यातल्या कुणाची अनुदिनी नाहीशी झाली की "अरेरे, छान लिहायची" म्हणून मोकळे. मंडळी, "छान लिहायची" म्हणणाऱ्यांपैकी एकानेही तिची प्रत ठेवली नव्हती. मीही नाही.

जागा लागते म्हणावं तर तेही खरं नाही. हिशोब करा. हा लेख दोन हजार शब्दांच्या आसपास आहे, म्हणजे तीस-पस्तीस हजार बाइट. असे पाचशे लेख पंचवीस एमबीत बसतात. रोज सकाळी "सुप्रभात" म्हणून जे चलचित्र येतं आणि आपण न बघता साठवतो, तशी दोन-तीन झाली की एका माणसाचं जन्मभराचं लेखन होतं. आपल्याकडे जागा आहे. शेजाऱ्याचं पान आपण सांभाळायचं असतं, ही कल्पनाच नाही. तंत्रज्ञांनी मालक काढून टाकला, पण मालकाच्या जागी शेजारी लागतात हे त्यांनी सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही.

आक्षेप येतील, त्यातले खरे आधीच मान्य करते.

"गैरवापर होईल." होईल. पण प्रकारात फरक आहे. फ्रीनेटसारख्या जाळ्यात तुमच्या डिस्कवर कुणाचे तरी कुलूपबंद तुकडे येऊन बसतात. कशाचे, तुम्हाला कळत नाही. जिवावर उदार होऊन लिहिणाऱ्यांना त्या अनामिकतेची गरज असते, हे मी नाकारत नाही. मला ते नको आहे. टोरंट किंवा आयपीएफएसच्या पद्धतीत तुम्ही जे स्वतः निवडून ठेवलं तेच तुमच्याकडून पुढे जातं. मी ज्यांचं वाचते त्यांचंच सांभाळेन, एवढीच माझी मागणी. मात्र यात तुमचा आयपी पत्ता इतरांना दिसतो. घराण्याच्या माहितीला चालेल, प्रत्येक लेखनाला चालणार नाही.

"जुनी प्रत तर तरीही कुठेतरी राहणारच." राहणार. किल्ली दुसऱ्याच्या घरातला कागद फाडू शकत नाही, आणि फाडू नयेच. पण आज आमच्या त्या पीडीएफवर ती जुनी आहे हे ओळखायची एकही खूण नाही. क्रमांक आणि मुद्रा असती तर पोराला वाचण्याआधी कळलं असतं की पुढची आवृत्ती निघालेली आहे. चूक पुसता नाही आली तरी ती शिळी आहे हे कळणं, यात फार फरक आहे.

"किल्ली हरवली तर?" हा सगळ्यात कठीण. इथे "परवलीचा शब्द विसरलात?" असं विचारणारं कुणी नाही. किल्ली गेली की पान गोठलं, चोरीला गेली की चोर लेखक झाला. यावर तंत्र नाही, व्यवहार आहे. घराच्या, लॉकरच्या किल्लीचं जे करतो तेच. दुसरी प्रत विश्वासाच्या घरी, आणि आपल्यामागे ती कुणाची हे लिहून ठेवलेलं.

आता मी काय केलंय ते. फार नाही. ट्रंकेतले कागद अजून आहेत, त्यामुळे मजकूर पुन्हा जुळवता आला. बाबांचे शब्द मात्र गेले. माफीचं एक वाक्य सुमाआत्याला तोंडपाठ आहे, ते तिने सांगितलं तसं घातलं. बाकीचा परिच्छेद मी कागदांवरून लिहिला आणि तो माझा आहे, बाबांचा नाही, हे खाली नोंदवलं. पानाच्या डोक्यावर आवृत्ती आणि तारीख. पान आयपीएफएसवर आहे, आयपीएनएसच्या पत्त्यावर. माझा जुना लॅपटॉप, नाशिकचा चुलतभाऊ (तोच, सीडीवाला) आणि टोरांटोची भाची, असे तिघे ते धरून आहोत. गुप्त किल्ली दोन घरांत पेनड्राइव्हवर आहे.

हे आदर्श आहे असं सांगत नाही. धरून ठेवणं नावाला लागत नाही, त्या दिवशीच्या मजकुराला लागतं. मी दुरुस्ती केली की दोघांना फोन करून "नवी आवृत्ती घ्या" म्हणावं लागतं. नोंदीला मुदत असते, ती संपायच्या आत माझ्या लॅपटॉपने नवी काढावी लागते. घरातली बरीचशी मंडळी साध्या ब्राउझरमधून एखाद्या गेटवेमार्फतच वाचतात, म्हणजे वाचताना मध्ये कुणाचा तरी सर्व्हर आलाच. मला ते चालतं. वाचायला सर्व्हर असू दे, एक बंद पडला तर दुसरा. पत्ता आणि शेवटचा शब्द त्याच्या मालकीचा नसला म्हणजे झालं. तो चुलतभाऊ मात्र म्हणतो, "मग फोन करून सीडी पाठवली असतीस तर काय फरक होता?" फरक एवढाच, की आता त्याच्याकडची प्रत कुणालाही सांगू शकते की ती कितवी आहे आणि तिच्यावर मुद्रा कुणाची आहे. त्याच्या सीडीला ते सांगता आलं नव्हतं.

तर कामं. घरच्यांसाठी : फोनमधली ती पीडीएफ पुढे पाठवणं बंद करा, नवा पत्ता मी घरच्या गटावर टाकला आहे. ज्यांच्या घरी दिवसभर चालू असणारा संगणक आहे त्यांनी मला फोन करा, अर्ध्या तासात बसवून देते. आणि नानाआजोबांची आणखी पत्रं कुणाकडे असतील तर शोधा. माझाही परिच्छेद चुकीचा असू शकतो.

अनुदिनीकरांसाठी : आपल्या वाचनाच्या यादीतले दहाजण निवडा. त्यांना विचारा, तुमचं लिखाण मी ठेवू का? आणि तुमचं कोण ठेवणार, तेही विचारा. तंत्र कुठलं वापरायचं यावर आपण प्रतिसादात हवं तेवढं भांडू. पण दर वेळी एक प्रश्न विचारा : लेखकाने उद्या "मी चुकलो" म्हटलं, तर ते या प्रतीपर्यंत पोचेल का?

असो. गेल्या आठवड्यात आत्याला नवं पान वाचून दाखवलं. तिने एक तारीख चुकल्याचं सांगितलं. आवृत्ती दुसरी आज निघाली.